चित्र, आवाज आणि एका फ्रेमचे अंतर : क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणामागील अभियंते

मुंबई : फलंदाज झेलबाद आहे की नाही, हा निर्णय तिसरे पंच पडद्याकडे पाहून देतात. पडद्यावरील चित्र आणि यष्टीजवळच्या मायक्रोफोनचा आवाज एकाच क्षणाचे आहेत, असे त्या वेळी गृहीत धरलेले असते. ते तसे असावेत, ही जबाबदारी प्रेक्षकांना कधीही न दिसणाऱ्या तंत्रज्ञांची आणि प्रक्षेपण अभियंत्यांची असते.

हे गृहीतक चुकले तर काय होते, हे डिसेंबर २०२५ मध्ये ॲडलेड येथील ॲशेस कसोटीत दिसून आले. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक ॲलेक्स कॅरी ७२ धावांवर असताना इंग्लंडने झेलबादसाठी पुनरावलोकन मागितले. ध्वनीच्या आलेखावर कंपन उमटले, परंतु चेंडू बॅटजवळ पोहोचण्यापूर्वीच. कॅरी नाबाद ठरला आणि त्याने शतक पूर्ण केले. चेंडूचा बॅटला पुसटसा स्पर्श झाला असावा, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले. यंत्रणा चालवणाऱ्याने चुकीच्या टोकाचा मायक्रोफोन निवडला असावा, असे संबंधित कंपनीने मान्य केले. इंग्लंडला पुनरावलोकनाची संधी परत मिळाली. बळी मात्र मिळाला नाही.

यामागचे गणित साधे आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापतो. सेकंदाला २५ फ्रेम या गतीने एका फ्रेमचा काळ ४० मिलिसेकंद भरतो आणि तेवढ्यात चेंडू दीड मीटर पुढे गेलेला असतो. म्हणूनच बारीक निर्णयांसाठी अतिवेगवान कॅमेरे वापरले जातात. शिवाय ओबी व्हॅनमध्ये चित्रावर जितक्या प्रक्रिया होतात, तितके ते मागे पडते. आवाज मात्र लवकर पोहोचतो. त्यामुळे अभियंते आवाजाला हेतुपुरस्सर विलंब देतात. सामन्यापूर्वी कोणीतरी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवतो आणि व्हॅनमध्ये ती टाळी ऐकू येण्याचा व दिसण्याचा क्षण जुळतो का, हे तपासले जाते. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रणेची ही परीक्षा आजही दोन हातांनीच होते.

कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूसच चित्रातील प्रकाश ठरवतो, हा समजही बरोबर नाही. तो चौकट आणि फोकस सांभाळतो. भिंगातून किती प्रकाश आत यावा व रंग कसे दिसावेत, हे व्हॅनमध्ये बसलेला व्हिजन अभियंता ठरवतो. दुपारनंतर प्रेक्षागृहाची सावली खेळपट्टीकडे सरकू लागली की त्याची कसोटी लागते. गोलंदाज उन्हात, फलंदाज सावलीत आणि चेंडू दोहोंच्या मधून जाणारा. अशा वेळी प्रत्येक चेंडूगणिक प्रकाश कमी-जास्त करावा लागतो. दिग्दर्शकाने एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर उडी घेतली तरी गवताचा हिरवा रंग बदलता कामा नये. प्रकाशझोताखाली वेगळीच अडचण येते. ५० हर्ट्झ विजेवर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. संथगतीच्या चित्रात मात्र मैदान लुकलुकताना दिसते.

तयार झालेले चित्र फायबरमार्गे किंवा सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्गे पुढे जाते. उपग्रहापर्यंत जाऊन परत येण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. केयू बँडवरील संकेत मुसळधार पावसात क्षीण होतात, त्यामुळे दुसरा मार्ग सज्ज ठेवावाच लागतो. मोबाइलवर सामना पाहणाऱ्याला शेजारच्या घरातून षटकाराचा जल्लोष आधी ऐकू येतो, त्याचा दोष बहुधा उपग्रहाकडे नसतो. इंटरनेटवरील प्रक्षेपण लहान तुकड्यांत साठवून दाखवले जाते आणि विलंब तेथे होतो.

भारतात २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट संकेत खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीलाही, स्वतःच्या जाहिरातींविना, द्यावे लागतात. म्हणजे त्याच व्हॅनमधून अनेक प्रकारचे संकेत एकाच वेळी बाहेर पडत असतात आणि प्रत्येकावर कोणाची तरी नजर असावी लागते.

या क्षेत्रात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका वा पदवी घेतलेले तरुण येतात. आता त्यांना संगणकीय जाळ्यांचेही ज्ञान लागते. अनेकांचे काम दिवसाच्या मोबदल्यावर चालते. काही निर्मिती दूरच्या स्टुडिओतून होऊ लागल्याने मैदानावर जाणाऱ्यांची संख्या घटते आहे. जे जातात, ते सामन्याच्या आधीच तेथे पोहोचलेले असतात आणि बक्षीस समारंभ संपल्यावर, प्रेक्षक घरी परतत असताना, केबल गुंडाळण्याच्या कामाला लागतात.