आधी नाक, मग चेहरा

अंबड, मंठा, भोकरदनहून माणसं दिवसाची रोजी बुडवून जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात डोळे दाखवायला येतात. नंबराची चिठ्ठी हातात पडेपर्यंत सगळं धीरानं चालतं. फ्रेम मात्र परतीची एसटी गाठायच्या घाईत पाच मिनिटांत ठरते आणि पुढे दोन-तीन वर्षं नाकावर बसते. खरं तर तिथंच थोडा वेळ द्यायला हवा.

चेहऱ्याचा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी जबड्याला गोल किंवा लंबगोल, उभट चेहऱ्याला जरा उंच काचांची. चेहऱ्यात जे आधीच जास्त आहे ते आणखी ठळक होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. नियम कामाचा आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही. बाबासाहेब आंबेडकरांचा चेहरा भरलेला, गोलसर. नियमानं त्यांना गोल चष्मा शोभायला नको होता. तरी मराठवाड्यात घरोघरी लावलेल्या तसबिरींत तो गोल चष्मा त्या चेहऱ्याला किती शोभून दिसतो!

माझ्या मते आधी नाक पाहावं. फ्रेमच्या काडीवर आतून बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ ५२-१८-१४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा नीट बसत असेल तर त्याचे आकडे टिपून घेऊन जा, निम्मं काम तिथंच होतं. नाक बसकं असेल तर एकसंध प्लास्टिकची फ्रेम घामानं घसरत राहते. अशा नाकाला वाकवून बसवता येणारे नोजपॅड हवेत.

मग नंबर. जास्त मायनस नंबरला काच कडेला जाड होते, म्हणून छोटी, गोलसर फ्रेम घ्यावी आणि बुबुळ काचेच्या मध्याजवळ यावं. मोठ्या फॅशनेबल फ्रेममध्ये तीच काच जड आणि जाड दिसते. प्रोग्रेसिव्ह काच असेल तर मात्र फार बुटकी फ्रेम चालत नाही. खालचा वाचायचा भाग कापला जातो.

आपल्याकडे मटेरियल ठरवताना उन्हाळा विसरून चालत नाही. साध्या धातूच्या फ्रेमवरचा मुलामा घामानं उडतो, नोजपॅडपाशी हिरवट थर धरतो आणि निकेल सोसत नसलेल्यांच्या कातडीवर खाज, चट्टे येतात. त्यांनी टायटॅनियम घ्यावं. महाग पडतं, पण हलकं असतं आणि गंजत नाही. शेल म्हणजे अ‍ॅसिटेटची फ्रेम दिसायला देखणी, रंगही सुरेख. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती राहिली तर काड्या फाकतात. टीआर-९० हे नायलॉनच्या जातीचं मटेरियल हलकं आणि लवचिक, शाळकरी पोरांना उत्तम. त्यात काच पॉलिकार्बोनेटची बसवावी, चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्यांना मात्र वेगळं सांगायचं आहे. रोजचा नंबरचा चष्मा ठिणगी अडवायला पुरेसा नसतो, ती बाजूनं आत शिरते. नंबर घातलेला, दोन्ही बाजूंना आडोसा असलेला सेफ्टी चष्मा बनवून मिळतो. तो कारखान्याकडे हक्कानं मागा, आणि घरचा चष्मा लॉकरमध्ये ठेवा.