सर्व्हरची जुनी वही किती दिवस ठेवायची?

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन येणाऱ्याचे नाव, वेळ आणि फ्लॅट क्रमांक वहीत उतरवून घेतो. वेब सर्व्हरचेही तसेच असते. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणते पान मागितले गेले आणि ते देता आले की नाही, याची एकेक ओळ तो एका फाइलीत लिहीत जातो. हीच लॉग फाइल. ओळ २०० बाइटची धरली, तर १० लाख मागण्यांमागे २०० मेगाबाइट साचतात. पान एकच उघडले तरी त्यातल्या प्रत्येक चित्राची मागणी वेगळी नोंदली जाते. त्यामुळे गजबजलेल्या संकेतस्थळाला हा आकडा एका दिवसात गाठणे अवघड नाही.

वही भरली की वॉचमन नवी मागतो. सर्व्हर मागत नाही, लिहीतच राहतो. डिस्क काठोकाठ भरली की नवी ऑर्डर, नवा अर्ज, नवा फोटो काहीच साठवता येत नाही. डिस्कवरची जागा ही किरकोळ बाब वाटते, पण ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने तिच्यापायीच थांबले होते. सायबर हल्ला नव्हता. देखभालीच्या कामात डिस्कवरची जागा अपुरी पडली, असे कंपनीने सांगितले. (लॉग फाइलींचे नाव तिने घेतले नव्हते.)

लिनक्स सर्व्हरवर यासाठी ‘लॉगरोटेट’ हा छोटा प्रोग्रॅम असतो. तो रोज ठरल्या वेळी आपोआप चालतो. चालू फाइलचे नाव बदलून तो ती बाजूला ठेवतो, नवी कोरी फाइल उघडतो, जुन्या फाइली दाबून लहान करतो आणि मुदत संपलेली पुसून टाकतो.

यात एक गंमत आहे. फाइलचे नाव बदलले तरी सर्व्हरने ती हातातून सोडलेली नसते. वही कपाटात ठेवली, तर हा वॉचमन कपाटापाशी जाऊन त्याच वहीत लिहीत बसतो! म्हणून नाव बदलल्यावर ‘आता नवी वही घे’ असा इशारा सर्व्हरला द्यावा लागतो. तो विसरला तर नवी फाइल रिकामीच राहते. घाईघाईत चालू फाइल हाताने पुसणाऱ्यांची फसगत याहून मोठी. फाइल यादीतून नाहीशी होते, पण सर्व्हर ती सोडत नाही तोवर डिस्कवर एक बाइटही मोकळा होत नाही.

खरा प्रश्न मात्र पुसण्याचा आहे. लॉगरोटेटची मूळ मांडणी चार आठवड्यांची. डेबियन आणि उबुंटूवर अपाची किंवा इंजिनएक्स बसवले, तर त्यांच्या नोंदी १४ दिवसच राहतात. कुणी खात्यात घुसल्याची तक्रार दोन महिन्यांनी आली, तर तपासणाऱ्याच्या हाती काय लागणार? ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहे. १४ आणि १८० यांतली दरी आपोआप भरत नाही; कुणीतरी फाइल उघडून तो आकडा बदलावा लागतो.

जागेची सबब इथे फारशी टिकत नाही. दिवसाचे २०० मेगाबाइट म्हणजे १८० दिवसांचे ३६ गीगाबाइट. लॉगमध्ये तेच तेच शब्द पुन्हा येत असल्याने दाबल्यावर फाइल बहुधा दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. म्हणजे सगळे मिळून चार गीगाबाइटही नाहीत.

त्याच निर्देशांत घड्याळाचीही अट आहे. संगणकांच्या वेळा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवलेल्या हव्यात. घड्याळ बरोबर असले तरी ते कोणत्या देशाची वेळ दाखवते, तेही पाहावे लागते. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. त्यांची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते, आणि रात्री दोनला झालेली घुसखोरी त्यांच्या वहीत आदल्या दिवसाच्या पानावर सापडते.