नम्रता आणि पश्चात्ताप : जकातदाराची प्रार्थना, जक्कयाचा हिशेब

नम्रता आणि पश्चात्ताप हे दोन शब्द आपण जवळजवळ प्रत्येक उपासनेत ऐकतो. इतके ऐकतो, की ते कानांवरून निघून जातात. म्हणून आज जरा थांबून पाहूया.

आधी शब्दच घेऊ. मराठीत पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप, मनाची जळजळ. जुन्या करारात यासाठी हिब्रू शब्द येतो 'शूव'. त्याचा साधा अर्थ मागे फिरणे, परत येणे. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणे. तेव्हा नुसतं वाईट वाटलं म्हणजे पश्चात्ताप झाला, असं नाही. चुकीच्या रस्त्यावर बसून रडणारा माणूस अजून त्याच रस्त्यावर असतो.

आता लूकच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय पाहा. प्रभू येशू एक दाखला सांगतो. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी आणि एक जकातदार. परूशी म्हटलं की आपण त्याला लगेच ढोंगी ठरवतो. पण हा काही खोटं बोलत नाही, बरं का. नियमशास्त्रात वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी उपास सांगितला होता. हा आठवड्यातून दोनदा करतो. मिळकतीचा दशांश देतो. मग बिघडलं कुठे? त्याने स्वतःला मोजलं ते मागे उभ्या असलेल्या जकातदाराशी. त्यामुळे देवाकडे मागावं असं त्याच्याजवळ काही उरलंच नाही.

जकातदार दूर उभा आहे. रोमी सत्तेसाठी वसुली करणारा आणि वर स्वतःचं काढणारा, म्हणून लोक त्याचा तिरस्कार करीत. तो डोळे वर करत नाही, ऊर बडवतो आणि फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो हाच. म्हणजे नम्रता ही स्वतःला कमी लेखण्याची सवय नव्हे. देवासमोर स्वतःबद्दल खरं बोलणं, ती नम्रता.

इथे आपल्या मनात एक प्रश्न यायला हवा. दुसऱ्या दिवशी हा जकातदार कामावर गेला, तेव्हा काय झालं? ज्यांच्याकडून जास्त घेतलं, त्यांचं काय? दाखला याविषयी काही सांगत नाही. पण पुढच्याच अध्यायात लूक आपल्याला यरीहोत नेतो आणि खराखुरा जकातदार दाखवतो, जक्कय. हा तर मुख्य जकातदार, श्रीमंत. तरी येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढतो. लोक हसतील याची पर्वा नाही. येशू त्याला हिशेब विचारत नाही. आधी म्हणतो, आज तुझ्या घरी उतरायचं आहे. कृपा आधी येते, हिशेब मागून.

आणि काय हिशेब! गणना या पुस्तकाच्या 5व्या अध्यायाप्रमाणे अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे 100 घेतले असतील तर 120. मेंढरू चोरून विकणाऱ्याला मात्र चौपट भरपाई होती. जक्कय स्वतःहून चौपट देतो, 100 चे 400. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. जणू तो स्वतःला चोराच्या ओळीत उभं करतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे 'नम्र व्हा' हा उपदेश बहुधा दुबळ्यालाच केला जातो : सून, मजूर, धाकटा भाऊ. इथे वाकतो तो ज्याने घेतलं तो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला गप्प बसवण्यासाठी हे शब्द वापरणं म्हणजे शुभवर्तमान उलटं वाचणं.

तेव्हा या आठवड्यात प्रार्थना जकातदाराची करू, आणि मग वही जक्कयासारखी उघडू. बहिणीचा वाटा, अडवून ठेवलेली मजुरी, कुणाची घालवलेली अब्रू. यांतलं काय परत करायचं राहिलंय, ते प्रत्येकाने आपापल्या वहीत पाहावं.