फुटलेल्या पेटीला काचेचे कपाट कधी?

यंदाच्या जयंतीत जळकोटला एका टी-शर्टवरून वाद झाला. जळकोट म्हणजे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गच्या पुढचे, तुळजापूर तालुक्यातले आमचे जळकोट. लातूर जिल्ह्यात याच नावाचा तालुका आहे आणि पुण्या-मुंबईचे वाचक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून आधीच सांगितलेले बरे. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला वस्तीतला एक तरुण जयंतीला गावी आला होता. डोक्याला निळा फेटा आणि अंगात काळा टी-शर्ट. त्या टी-शर्टवर एक गोरा माणूस कमरेत वाकून, गिटार उलटी धरून जमिनीवर आपटतो आहे. गायन पार्टीत पंचवीस-तीस वर्षे पेटी वाजवलेले एक आजोबा बराच वेळ त्या चित्राकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलेच.

"लेका, ह्यो वाद्य फोडतोय का रं?"

"हो आबा. लंडनची पार्टी हाय. त्यांचे वामनदादाच समजा."

"वामनदादांनी कवा पेटी फोडली?"

पोरगा गप्प झाला. आजूबाजूचे हसले. पण आजोबा हसले नाहीत. वाद्यावर हात टाकणारा माणूस वामनदादांच्या पंगतीला बसवलेला त्यांना अजिबात रुचला नव्हता. आम्ही शेजारीच बसलो होतो, म्हणून मध्यस्थी आमच्याकडे आली.

तर गोष्ट अशी. 'द क्लॅश' हे त्या बँडचे नाव. १९७६ साली तो लंडनमध्ये निघाला. जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमोनन आणि नंतर आलेला ड्रमवाला टॉपर हेडन ही त्यातली गाजलेली चौकडी. त्यांच्या गाण्याला 'पंक' म्हणत. पंक ही मुळात शिवीच आहे. टुकार, वाया गेलेला, असा तिचा अर्थ. लोकांनी फेकलेली शिवी उचलून स्वतःच्या छातीवर लावायची ही रीत आम्हाला नवी नाही. त्या काळी इंग्लंडात तरुणांना काम नव्हते, आणि 'नॅशनल फ्रंट' नावाची वर्णद्वेषी टोळी काळ्या आणि आशियाई माणसांविरुद्ध मोर्चे काढत होती. तिच्या विरोधात ३० एप्रिल १९७८ रोजी हजारो लोक ट्रफाल्गर चौकातून चालत पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात गेले आणि तिथे 'द क्लॅश' गायला उभे राहिले. ज्यांनी ते ऐकले ते आज साठी-सत्तरीला आले आहेत, पण त्या दिवशी ऊन होते की ढग, आपण कुठल्या कोपऱ्यात उभे होतो, हे अजून सांगतात.

तारीख पुन्हा वाचा. एप्रिल १९७८. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांची हत्या त्याच ऑगस्टमधली. लंडनची पोरे ज्या वर्षी वर्णद्वेषाविरुद्ध गात होती, त्याच वर्षी इथे आमच्या माणसांना एका नावासाठी मरावे लागत होते. त्यांना आमची खबर नव्हती, आम्हाला त्यांची नव्हती.

आता चित्रातली गिटार. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियम थिएटरात कार्यक्रम चालला असताना पॉल सिमोननने ती आपटली. पेनी स्मिथ या छायाचित्रकार बाईंनी तो क्षण टिपला आणि त्याच डिसेंबरात आलेल्या 'लंडन कॉलिंग' या रेकॉर्डच्या वेष्टनावर तो छापला गेला. का आपटली? थिएटरचे रखवालदार प्रेक्षकांना खुर्चीवरून उठू देत नव्हते, त्याचा राग आला, असे सिमोननने पुढे सांगितले आहे. हे आम्ही आजोबांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "उठू देत न्हवते म्हणून? आमाला तर बसूच देत न्हवते."

टी-शर्टचा वाद तिथेच मिटला आणि खरी गोष्ट निघाली. आजोबांच्या पार्टीची पेटी एकदाच फुटली, आणि ती त्यांनी फोडलेली नव्हती. नामांतराच्या दिवसांत एका गावाने त्यांना जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावले होते. मध्यरात्रीनंतर पहिला दगड गॅसबत्तीवर आला. अंधार झाला, बायका लेकरे घेऊन पळाल्या, आणि त्या गर्दीत कुणीतरी पेटीवर पाय देऊन भाता फाडला. गावाचे नाव आम्ही विचारले. "लिहू नका," ते म्हणाले, "आपली पोरं अजून तिकडं कामाला जात्यात." पार्टीतल्या सगळ्यांनी मजुरीतून पैसे साठवून ती पेटी सोलापुरातून आणली होती. एसटीत टपावर टाकली तर आदळेल म्हणून मांडीवर घेऊन आणली होती. आज ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडून आहे.

आणि ती दुसरी गिटार? ती लंडन शहराच्या संग्रहालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'द क्लॅश'वर भरवलेल्या प्रदर्शनात मांडली होती, फुटली तशीच, तुकड्यांसकट. लोक ती बघायला गेले. सोबत हाताने लिहिलेल्या गाण्यांचे कागद, कपडे, फोटो. तिकडच्या चाहत्यांचे आम्हाला कौतुक वाटते ते यासाठी. चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे तिकीट ते जपून ठेवतात. कोणत्या रात्री कोणते गाणे आधी झाले, कोणते नंतर, यावर भांडतात आणि ते भांडण लिहून ठेवतात. अशा लिहिण्यातून इतिहास तयार होतो.

भांडण आमच्याकडेही कमी नाही. त्या रात्री ते आमच्यासमोरच झाले. वामनदादा कर्डकांना आपण पहिल्यांदा कधी ऐकले, यावर आजोबा आणि त्यांचे मेहुणे यांचे एकमत होईना. एक म्हणाले भूकंपाच्या आधी, दुसरे म्हणाले भूकंपानंतर. आमच्या भागात काळ असाच मोजतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ही मधली रेघ. पण एका गोष्टीवर दोघे ठाम होते. दादा मंचावर आले तेव्हा साध्या कपड्यात होते, आणि त्यांच्याकडे बघून हा माणूस इतका मोठा असेल असे वाटले नाही. गाणे सुरू झाल्यावर मात्र माणसे भिंतीवर, झाडावर, बैलगाडीच्या जुवावर, मिळेल तिथे चढली.

वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले. लहानपणी शाळा नाही. मुंबईत गिरणीकामापासून मिळेल ते काम केले. शिवडीच्या बीडीडी चाळीत कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणून आले आणि त्यांना ते वाचता येईना, त्या शरमेतून ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे शिकले. १९४३ मध्ये पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवरचे विडंबन. पुढे हजारो गाणी झाली. 'वाटचाल', 'मोहळ' अशी पुस्तके निघाली. पण पुस्तकातून दादा कळलेला माणूस आम्हाला जळकोटात भेटला नाही. इथे ते वहीतून कळले.

या वह्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. शंभर पानी, रेघांची, पहिल्या पानावर निळ्या शाईत 'जयभीम' आणि अशोकचक्र. ज्याला लिहिता येते त्याने कार्यक्रमात बसून भराभर उतरवून घ्यायचे, चुकलेले कडवे दुसऱ्या गावच्या वहीवरून दुरुस्त करायचे. चाल लिहिता येत नाही, म्हणून वर फक्त सिनेमाच्या गाण्याचे नाव. ते वाचले की गायकाला कळते. वस्तीतल्या एका आजींना अक्षरओळख नाही, पण त्यांना इतकी गाणी पाठ आहेत की वहीत अडले की वहीवालेच त्यांच्याकडे जातात. त्या खुरपणीला जाताना शिकल्या. पुढची बाई म्हणायची, मागच्या ओढायच्या, आणि सांज होईपर्यंत गाणे बसलेले असायचे. शेतमालकाच्या कानावर बाबासाहेबांचे नाव दिवसभर पडत राहायचे ते वेगळेच. "त्येला काय बोलता येतंय? गाणं म्हनतोय आमी," असे म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मग टेप आली. १९८० नंतर स्वस्त कॅसेटींचा पूर आला आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज हायवेवरच्या ट्रकमध्ये आणि चहाच्या टपरीवर वाजू लागला. त्यांची विठ्ठलाची गाणी ज्या हॉटेलात दिवसभर लागायची, तिथे त्याच गळ्यातले भीमगीत लावा म्हटले की मालकाचा चेहरा बदलायचा. ही आठवण एकाची नाही, आम्हाला तिघांनी वेगवेगळी सांगितली. बॅटरी उतरली की आवाज जाड होऊन लांबायचा, फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, शेवटी गायकापेक्षा खरखर जास्त. तरी ऐकायचे.

२००४ हे साल आमच्या ऐकणाऱ्यांना दोनदा लागले. १५ मे रोजी वामनदादा गेले आणि त्याच जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्याआधी १९९७ मध्ये, ११ जुलैच्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले होते. २०१० मध्ये विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. गायकांच्या तारखा निदान छापून आल्या. कोरस धरणाऱ्यांच्या, ढोलकीवाल्यांच्या तारखा कुठे आल्या?

आमच्या त्या तरुणाची तुलना आम्हाला अर्धीच पटली, हेही सांगितले पाहिजे. जो स्ट्रमरचे वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला होते. तो निवासी शाळेत शिकला आणि मग गरिबांच्या बाजूने उभा राहिला. त्याचा प्रामाणिकपणा आम्ही नाकारत नाही. २००२ मध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, तो संपावरच्या अग्निशामक कामगारांसाठी गायला होता. पण त्याला बाजू निवडता आली. वामनदादांना कुणी निवडायला दिले नव्हते. आणि गिटार आपटायची चैन त्यालाच परवडते, ज्याच्यासाठी दुकानात दुसरी गिटार आहे. आजोबांचा राग याच जागचा होता.

मात्र एक गोष्ट त्या पोराची शंभर टक्के खरी. तिकडचे चाहते आपल्या आठवणीला किंमत देतात. आम्ही देत नाही. आमच्याकडे १४ एप्रिल हा एक दिवस नसतो, तो महिनाभर चालतो, कारण पूर्वी एकच गायन पार्टी पंधरा-वीस गावांना पुरवायची असे. आता सगळ्यांना एकाच रात्री डीजे मिळतो. डीजेला आमचा विरोध नाही, पोरांना नाचू द्या. पण डीजेची सुपारी द्यायला वर्गणी जमते आणि म्हाताऱ्या पेटीवाल्याच्या भात्याला कातडे लावायला जमत नाही, हे कुठले आंबेडकरी नियोजन? विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला २००४ पासून आहे. मराठीचे, इतिहासाचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाला विषय शोधत फिरतात. प्रत्येकाने एका वस्तीत आठ दिवस बसावे. वह्यांचे फोटो काढावेत, आजींची गाणी रेकॉर्ड करावीत, पार्टीत कोण पेटीवर, कोण ढोलकीवर, कोण झांजेवर, हे नावानिशी लिहावे. १९४१ साली बाबासाहेब आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. ती परिषद डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज शोधूनही सापडणार नाहीत. वामनदादांना ऐकलेल्यांच्या बाबतीत तेच व्हायला फार वर्षे लागणार नाहीत.

वाद मिटल्यावर त्या तरुणाने मोबाईल काढला आणि आजोबांसमोर धरला. "आबा, पयल्यापासून सांगा." आजोबांनी घसा साफ केला. पण स्वतःचे नाव सांगितले नाही. आधी ढोलकीवाल्याचे सांगितले, मग कोरसवाल्या दोघा भावांचे, मग गॅसबत्ती डोक्यावर घेऊन गावोगाव चालणाऱ्या पोराचे. त्यातला एकच आता हयात आहे, तो लेकीकडे सोलापुरात असतो. वीसेक मिनिटे झाली असतील, तेवढ्यात चौकात डीजे सुरू झाला आणि पुढचे काहीच रेकॉर्ड झाले नाही.

पोरगा पावसाळ्याच्या आधी दोन दिवसांची रजा काढून पुन्हा येणार आहे. सोलापूरच्या त्या कोरसवाल्यांनाही आणायचे ठरले आहे. पेटी माळ्यावरून खाली काढायला शिडी लागेल, ती कुणाकडे आहे हे आजोबांनी त्याला दोनदा सांगून ठेवले.