अनेक खाती, एक क्रमांक : भविष्य निर्वाह निधीतील एकत्रीकरणाचा प्रश्न

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची व्यवस्था १९५२ च्या कायद्याने उभी राहिली, तेव्हा एकदा गिरणीत वा कारखान्यात लागलेला कामगार बहुधा तेथूनच निवृत्त होत असे. आजचा कामगार तसा राहिलेला नाही. भोसरीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षे काम करून तो चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला जातो, तेथे पाच वर्षे काढतो आणि पुढे आणखी कोठे तरी. प्रत्येक आस्थापनेत त्याच्या नावाने नवे खाते उघडले जाते. ही खाती जोडली गेली नाहीत, तर त्याचे नेमके काय नुकसान होते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

कामगाराच्या वेतनातून १२ टक्के रक्कम कापली जाते व मालकही सर्वसाधारणपणे तेवढीच भर घालतो. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के, ठरावीक वेतनमर्यादेपर्यंत, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत जातात. या योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. वरील कामगाराची सहा व पाच वर्षांची खाती वेगवेगळी राहिली, तर दोहोंपैकी एकही या अटीत बसत नाही. ती जोडली, तर सेवा ११ वर्षांची होते. निवृत्तिवेतनासाठी धरले जाणारे वेतन १५,००० रुपये असेल, तर त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. वयाच्या ५८ व्या वर्षापासून मिळणारी ही रक्कम दरमहा सुमारे २,३५७ रुपये होते. रक्कम मोठी नाही हे खरेच. परंतु ती तहहयात आहे आणि तिच्या मागे पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनही उभे असते. शिवाय सलग पाच वर्षांच्या सेवेपूर्वी निधी काढल्यास तो करपात्र ठरू शकतो. आधीच्या खात्यातील शिल्लक नव्या खात्यात वर्ग केली असेल, तर मागील सेवाही त्या पाच वर्षांत मोजली जाते.

पूर्वी खाते कामगाराचे असले तरी त्याचा क्रमांक आस्थापनेचा असे. प्रादेशिक कार्यालयाची अक्षरे, आस्थापनेचा संकेतांक आणि शेवटी सदस्याचा अनुक्रमांक, अशी त्याची रचना होती व सदस्य क्रमांकाची ती आजही आहे. नोकरी बदलली की क्रमांक बदले. जुनी रक्कम आणायची तर तेरा नंबरचा अर्ज दोन मालक व दोन कार्यालये यांच्यामधून फिरे. कंटाळून रक्कम काढून घेणे किंवा ती तशीच सोडून देणे, हेच अनेकांना सोपे वाटे. २०१५-१६ च्या अर्थसंकल्पीय भाषणात वित्तमंत्री अरुण जेटली यांनी भविष्य निर्वाह निधीतील दावा न केलेली रक्कम सुमारे ६,००० कोटी रुपये असल्याचे सांगितले होते. तिचा एक भाग तरी या कंटाळ्याचा असला पाहिजे.

१६ ऑक्टोबर २०१४ रोजी बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांकाचे, म्हणजे आता कामगारांच्या तोंडी रुळलेल्या ‘यूएएन’चे, औपचारिक उद्घाटन झाले. सदस्य क्रमांक रद्द झाले नाहीत. ते एका छत्राखाली आले. हा बदल वरकरणी तांत्रिक दिसतो, पण त्यामुळे ओळख आस्थापनेकडून कामगाराकडे आली. तो जेथे जाईल तेथे क्रमांक त्याच्याबरोबर जातो.

तरीही एकाच व्यक्तीला दोन-दोन सार्वत्रिक क्रमांक मिळाले. नव्या नोकरीत रुजू होताना अकरा नंबरच्या घोषणापत्रात जुना क्रमांक लिहिला गेला नाही, किंवा जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीखच कळवली नाही, की नवा मालक सरळ नवा क्रमांक काढी. यांपैकी दुसऱ्या अडचणीवर जानेवारी २०२० मध्ये उपाय झाला. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला ही तारीख स्वतः नोंदवता येऊ लागली. सप्टेंबर २०२१ पासून आधारशी न जोडलेल्या क्रमांकावर मासिक भरणा स्वीकारणे सर्वसाधारणपणे बंद झाले आणि ऑगस्ट २०२५ पासून नवा क्रमांक ‘उमंग’ अ‍ॅपवर चेहरा पडताळून देण्यास सुरुवात झाली. नवी दुबार खाती निर्माण होण्याची वाट अशी अरुंद झाली आहे. प्रश्न उरतो तो आधीच्या खात्यांचा.

त्यासाठी सदस्य पोर्टलवर ‘एक सदस्य, एक खाते’ या शीर्षकाखाली हस्तांतरणाचा अर्ज करता येतो. रक्कम चालू खात्यात वर्ग झाली की जुना क्रमांक निष्क्रिय केला जातो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हस्तांतरणानंतर निवृत्तिवेतनाच्या रकान्यात शून्य पाहून सदस्य घाबरतात. निवृत्तिवेतनाचा निधी सामाईक असतो. त्यातून वर्ग होतो तो सेवेचा कालावधी, पैसा नव्हे. म्हणून हा कालावधी नव्या खात्याच्या सेवा-इतिहासात उतरला आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

अर्ज अडतो तो बहुधा नावाशी. महाराष्ट्रात आडनाव आधी लिहिण्याची सवय, दक्षिणेत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, लग्नानंतर बदललेले स्त्रियांचे नाव. यांमुळे आधार आणि जुने खाते जुळत नाही. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख टाकून दिलेल्यांची एक पिढीच आपल्याकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये संघटनेने नियम सैल केले. १ ऑक्टोबर २०१७ नंतर दिलेल्या आणि आधारने पडताळलेल्या क्रमांकांबाबत अशा अनेक दुरुस्त्या व हस्तांतरणे मालकाच्या मंजुरीविना होऊ लागली. दिशा योग्य आहे, पण सवलतीची रेषा जेथे ओढली गेली, तिच्या पलीकडे नेमके जुने, कमी शिकलेले आणि अधिक गरजू सदस्य राहतात.

एकत्रीकरणाने सर्वच साधते असे नाही. मालकाने कापलेली रक्कम भरलीच नसेल, तर खाते जोडून ती उगवत नाही. स्वतःचा न्यास चालवणाऱ्या आस्थापनांकडून रक्कम आणताना त्यांच्या कागदपत्रांची वाट पाहावी लागते. एकच क्रमांक म्हणजे एकच किल्ली. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक हातचा गेला की सारे दार बंद होते, आणि दर दोन वर्षांनी सिमकार्ड बदलणाऱ्या स्थलांतरित मजुरासाठी ही भीती काल्पनिक नाही. भरीस भर म्हणजे २०२१ पासून असंघटित कामगारांना ई-श्रम नोंदणीवर मिळणारा बारा अंकी क्रमांकही ‘यूएएन’च म्हणवतो. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, हे मजुराला कोणी सांगायचे?

सर्वांत कठीण स्थिती २०१४ पूर्वी नोकरी सोडलेल्यांची आहे. त्यांच्या कित्येक खात्यांना सार्वत्रिक क्रमांक नाही, कारखाना बंद झाला असेल तर दाखला देणारा मालकही नाही. अशा सदस्याने जुनी वेतनचिठ्ठी, नेमणूकपत्र, वार्षिक खातेउतारा यांपैकी जे हाताशी असेल ते घेऊन, खाते क्रमांकातील अक्षरे ज्या प्रादेशिक कार्यालयाची असतील तेथेच जावे लागते. क्रमांकच ठाऊक नसेल, तर शोध आस्थापनेच्या नावापासून सुरू होतो.