सॉकेटचे नाव एक, रीती अनेक

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसृत केली. दोन यंत्रांमधील संभाषणासाठी तीत ‘सॉकेट’ नावाची सोय होती. दूरध्वनी जोडावा, बोलावे, खाली ठेवावा, इतकी ती कल्पना सरळ. मग एका प्रणालीवर सुरळीत चालणारी आज्ञावली दुसरीवर का अडखळते?

युनिक्सने सॉकेटला फाइलीच्या पंक्तीला बसविले. वाचणे, लिहिणे, बंद करणे या क्रिया दोघांना सारख्याच. जानेवारी १९९३ मध्ये आलेल्या ‘विनसॉक १.१’ने बर्कलेची बहुतेक नावे उचलली खरी. परंतु तेथे प्रथम सारी व्यवस्था सुरू करण्याची स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते, सॉकेट बंद करण्याची क्रिया वेगळी, आणि काय चुकले हे विचारण्याची खिडकीही वेगळी. हे भेद निदान उघड आहेत.

खरा धोका आहे तो नाव तेच राहून अर्थ बदलतो तेथे. ‘पत्ता पुन्हा वापरू द्यावा’ अशा अर्थाचा एक पर्याय आहे. बंद पडलेली सेवा लगेच पुन्हा सुरू करता यावी, म्हणून युनिक्सवर तो सर्रास लावतात. विंडोजवर मात्र तोच पर्याय दोन आज्ञावल्यांना एकाच पोर्टवर एकाच वेळी बसू देतो. म्हणजे एकाच्या नावाची पत्रे दुसऱ्याने उघडावीत, तसेच हे. हा दरवाजा बंद करण्यासाठी मायक्रोसॉफ्टला ‘केवळ माझाच ताबा’ असा निराळा पर्याय द्यावा लागला.

अशा वेळी आज्ञावलीत जागोजागी ‘विंडोज असेल तर हे, नसेल तर ते’ अशी ठिगळे लावण्याची प्रथा आहे. ती आळसाची आहे, असेच म्हणावे लागेल. सारे भेद एका पातळ थरात कोंडून वरचा व्यवहार एकरूप ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग. अर्थात भेद किती खोल आहेत, यावर त्या थराची जाडी ठरते. लिनक्सचे ‘ईपोल’ सांगते, ‘आता वाचता येईल’. विंडोजची पूर्तता-व्यवस्था सांगते, ‘वाचून झाले’. नोड या प्रणालीसाठी २०११ मध्ये पुढे आलेल्या ‘लिबयूव्ही’ने हा पेच सोडविताना विंडोजची रीत स्वीकारली आणि युनिक्सला तिच्या साच्यात बसविले.