अनोळखी खुणांची मुभा

लिनक्सच्या कर्नलचे दप्तर चाळताना माझी नजर वारंवार ज्या एका साध्या तक्त्यावर खिळते, तो सिस्टिम कॉलांचा होय. ६४ बिटी इंटेल पद्धतीच्या यंत्रांसाठी असलेल्या या तक्त्यात ० म्हणजे रीड, १ म्हणजे राइट, २ म्हणजे ओपन अशा नोंदी असून, प्रोग्राम कर्नलकडे जे मागणे मागतो ते या क्रमांकानेच. १७४ समोर ‘क्रिएट मोड्यूल’ हे नाव आहे, पण पुढचा रकाना कोरा. सातबारावर जुन्या कब्जेदाराचे नाव कंसात जावे, तशातलाच हा प्रकार; काम रद्द झाले तरी क्रमांक दुसऱ्यास द्यावयाचा नाही, कारण जुन्या प्रोग्रामने त्या क्रमांकाने हाक मारली असता ‘हे काम येथे होत नाही’ असे उत्तर मिळणे परवडते, भलतेच काम होणे परवडत नाही.

फेरफारामुळे चालता प्रोग्राम मोडला तर दोष फेरफाराचा, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. २०११ साली २.६.३९ नंतर एकदम ३.० अवतरली, तेव्हा आवृत्तीचा आकडा २.६ नेच सुरू व्हावयाचा असे गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामांसाठी, कर्नलने आपण २.६.४० असल्याचे सांगावे अशीही तजवीज झाली. असत्य खरे, पण सोयीचे!

परंतु खरा पेच उद्भवतो तो आरंभीच्या औदार्यातून. ओपनला फाइलच्या नावासोबत जो पूर्णांक द्यावयाचा, त्यातील एकेक बिट ही एकेक खूण असते. आणि अनोळखी खूण आली तर ओपन ती मुकाट्याने सोडून देते. २०१३ मध्ये निनावी तात्पुरत्या फाइलीसाठी ‘ओ-टेम्पफाइल’ ही खूण आणावयाची ठरली, तेव्हा जुना कर्नल तिच्याकडे काणाडोळा करील आणि प्रोग्राम मात्र काम झाले असे समजून पुढे जाईल, हे भय होते. हेडर उघडून पाहिले की उपाय दिसतो: नव्या बिटाशी ‘डिरेक्टरीच हवी’ ही जुनी खूण जोडून टाकलेली आहे. या खुणेसोबत लिहिण्याची परवानगी मागणे सक्तीचे, वाट द्यावयाची ती डिरेक्टरीचीच, आणि डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडू देण्यास जुना कर्नल पूर्वीपासूनच राजी नाही. जुन्या यंत्रावर एसट्रेस हे सिस्टिम कॉल टिपून दाखवणारे साधन लावून बसले असता उत्तरादाखल उणे १ आणि ‘ही डिरेक्टरी आहे’ असा स्पष्ट नकार उमटतो. जुन्या नकाराकडून नवे काम करवून घेणारी ही युक्ती मला तरी अस्सल कारागिरीची वाटते.

२०२० मध्ये ५.६ आवृत्तीत आलेले ‘ओपनॅट२’ हे ओपनचे नवे रूप अनोळखी बिट दिसताच ते मागणे फेटाळते, आणि आपल्या तपशिलाचा आकारही सोबत मागून घेते, जेणेकरून उद्या त्यात भर घालता यावी. मूळ ओपनला मात्र ही शिस्त आता लावता येत नाही. लावली तर त्या पूर्णांकात नकळत केरकचरा पाठवीत आलेले, आणि तरीही बिनबोभाट चालणारे, प्रोग्राम त्याच दिवशी बंद पडतील.